सीझनच्या सुरुवातीचा बर्फ आणि वारा: फोरकास्टमध्ये नेमकं बघायचं काय?

उनाडपोर
मंडळी, मदत हवीये. सीझन आत्ता कुठे सुरू होतोय, वर पहिला बर्फ पडायला लागलाय. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, तिघं चालणारे आणि दोघं स्की टूरिंगवाले (स्की लावूनच चढणारे-उतरणारे). एक खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं असा प्लॅन. आता गंमत बघा, एका ॲपमध्ये त्या दिवशी ५ सेमी बर्फ दाखवतायत आणि दुसऱ्यात ३५ सेमी!! वाऱ्याचंही तेच, एक म्हणतंय ताशी २५ किमी, दुसरं म्हणतंय ७०. तारीख तीच, जागा तीच. ग्रुपमधला एकजण म्हणतो सरासरी काढ आणि निघ. मला ते काही पटत नाहीये पण का पटत नाहीये तेही नीट सांगता येत नाहीये. अनुभवी लोकांनी लिहा प्लीज, कितीही लांब लिहिलंत तरी वाचेन.

खिंडीतला
सरासरी अजिबात काढू नका.
आधी हे सांगा की दोन्ही ॲपमध्ये त्या पॉइंटची उंची काय दाखवतायत? बहुतेक ॲपमध्ये कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. ९०% भांडणं तिथेच मिटतात.

सातवाआकाश
वाचतोय. मलाही हाच प्रश्न होता पण विचारायची लाज वाटत होती.

मी_घरीच
पूर्वी लोक आभाळाकडे बघून निघायचे आणि परतही यायचे. आता चार ॲप, सहा मॉडेल आणि तरी गोंधळ :)

कडेकपारी
@मी_घरीच, जे परत आले त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतो हो, बाकीच्यांना सांगायला कोण येणार.

असो. उनाडपोर, खिंडीतला यांनी उंची का विचारली ते जरा विस्ताराने लिहितो. मॉडेल म्हणजे हवामानाचं गणित करायला कॉम्प्युटरने पृथ्वीवर टाकलेली चौकटींची जाळी. अमेरिकन जीएफएसची चौकट साधारण १३ किमीची, युरोपियन ईसीएमडब्ल्यूएफची ९ किमीची. आता ९ किमीच्या एका चौकटीत तुमची दरी, खिंड, दोन्ही बाजूंची शिखरं सगळं येतं आणि मॉडेल त्या सगळ्याचा मिळून एकच गुळगुळीत उंचवटा करतं, त्यामुळे मॉडेलच्या जगात दरी असते त्यापेक्षा वर आलेली असते आणि शिखर बरंच खाली बसलेलं असतं. तुमची खिंड ४१०० मीटरवर असेल आणि मॉडेलला ती जागा २९०० ची वाटत असेल तर ते तिथलं तापमान ७-८ अंश जास्त धरणार (हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश या हिशोबाने) आणि मग तुमचा बर्फ त्याच्या लेखी पाऊस होतो. काही ॲप्स नंतर उंचीप्रमाणे दुरुस्ती करतात, काही करत नाहीत, आणि कोण करतं कोण नाही हे स्क्रीनवर बघून कळत नाही.

आणि सेमीचा आकडा हा तर अंदाजावर अंदाज त्यावर अजून एक अंदाज असा असतो. पहिला अंदाज पाणी किती पडणार, म्हणजे मिमी. दुसरा, शून्य अंशाची पातळी किती उंचीवर असणार. तिसरा, एक मिमी पाण्याचा किती जाड बर्फ होणार. तिसऱ्यासाठी बरीच ॲप्स सरळ १ मिमीला १ सेमी धरतात. कडाक्याच्या थंडीत वारा नसताना छान पिसासारखा पडला तर १५-२० पट जाड थर होतो आणि शून्याच्या आसपास ओला पडला तर ५-७ पटच. सीझनच्या सुरुवातीला तापमान नेमकं शून्याच्या आजूबाजूला घुटमळत असतं म्हणून ह्याच काळात सेमीचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो, भर थंडीत एवढा नाही फसवत.

म्हणून सेमी बघायचंच सोडा. मिमी बघा, फ्रीझिंग लेव्हल (तीच ती शून्य अंशाची पातळी) बघा आणि वारा बघा.

उनाडपोर
बापरे, उंची बघितली. पहिलं ॲप २९०० मी दाखवतंय!! (कडेकपारी, तुम्ही हा आकडा कसा काय ओळखलात?) दुसऱ्यात ४१०० आहे, खिंडीच्या आसपासच. आणि मिमी बघितले तर दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत, २२ आणि २४. म्हणजे पाण्याबद्दल दोघांचं एकमतच आहे की.

कडेकपारी
योगायोग हो, उदाहरण म्हणून टाकला होता आकडा. पण बघा, भांडण मॉडेलचं नव्हतंच. एकजण खालच्या उताराबद्दल बोलतोय, दुसरा खिंडीबद्दल. फ्रीझिंग लेव्हल काय आहे त्या दिवसाची?

उनाडपोर
दुपारी पडायला सुरुवात होते तेव्हा ३६००, मग रात्रीतून उतरत पहाटेपर्यंत २७००. आमचा कॅम्प ३३०० वर आहे.

रानभूल
मग कॅम्पवर आधी भिजणार तुम्ही. बर्फ शून्याच्या पातळीच्या खालीही दोन-तीनशे मीटर न वितळता येतो, म्हणजे ३६०० असताना हिमरेषा (जिथून खाली बर्फाचा पाऊस होतो ती उंची) साधारण ३३०० ला, नेमकी तुमच्या तंबूवर. संध्याकाळी चिखलासारखा ओला बर्फ आणि पहाटे सगळं गोठून कडक, तंबू, बुटांच्या लेस, चेन सगळंच. सुरुवातीच्या सीझनमध्ये लोक थंडीची तयारी करून येतात, ओलाव्याची नाही आणि मला विचाराल तर -१५ ची कोरडी रात्र परवडली पण शून्यातली ओली नको.

अजून एक, जोरदार पडत असेल आणि दरी अरुंद असेल तर हिमरेषा फोरकास्टपेक्षाही बरीच खाली येते. पडणारा बर्फ वितळताना हवेतली उष्णता खेचून घेतो आणि अरुंद दरीत ती गार झालेली हवा बदलायला बाहेरून दुसरी येत नाही. हवा कोरडी असेल तरी सुरुवातीला तसंच होतं, थर्मामीटर +२ दाखवत असतो आणि बर्फ पडत असतो. तेव्हा "लेव्हल ३६०० आहे म्हणजे खाली पाऊसच" असं धरून चालू नका.

सातवाआकाश
मग खिंडीत शेवटी किती धरायचा? ५ नाही, ३५ नाही, मग?

कडेकपारी
हिशोब करू. सुरुवातीला ३६०० ला शून्य म्हणजे ४१०० ला -३ च्या आसपास, शेवटी २७०० ला शून्य म्हणजे ४१०० ला -९. पाणी २४ मिमी. ३५ सेमी यायला सरासरी १५ पट धरावा लागेल, ते इतक्या माफक थंडीत आणि वाऱ्यात होणं अवघड, कारण वारा पिसं मोडून चुरा करतो आणि तो चुरा घट्ट बसतो. मी १० पट किंवा थोडं कमीजास्त धरेन, म्हणजे २०-२५ सेमी.

मी_घरीच
५ आणि ३५ ची सरासरी २०. म्हणजे त्यांच्या ग्रुपमधल्या त्या भिडूचं बरोबरच होतं की, उगाच एवढं लिहिलंत :)

खिंडीतला
कावळा बसायला आणि फांदी तुटायला. दुसरं ॲप ४१०० ऐवजी ३४०० धरून बसलं असतं तर सरासरी किती आली असती?

हवाहवाई
उशीर झाला यायला. सगळे बर्फावरच बोलताय, वाऱ्याचं राहिलंच. खरं सांगायचं तर हे २०-२५ सेमी समान पसरून राहणारच नाहीयेत त्यामुळे त्या आकड्यावर एवढी चर्चा करण्यात फार अर्थ नाही.

आधी २५ विरुद्ध ७० चं बघू. माझा अंदाज असा की पहिला आकडा जमिनीपासून १० मीटरवरचा वारा आहे, तोही मॉडेलच्या त्या गुळगुळीत डोंगरावरचा, जिथे घर्षणाने वारा मंदावलेला असतो. दुसरा बहुतेक त्या उंचीवरच्या मोकळ्या हवेतला. उघड्या धारेवर किंवा खिंडीत तुम्हाला जो लागतो तो बऱ्याचदा मोकळ्या हवेतल्या वाऱ्याच्या जास्त जवळ असतो, आणि खिंड तर दोन उंच भागांमधली फट, तिथून हवा चेंगरून जाते त्यामुळे दिशा जुळली तर त्याहूनही जोरात.

विंडीसारख्या ॲपमध्ये बाजूला उंचीची पट्टी असते, ती सरकवून बघा. तिथे उंची हवेच्या दाबात असते: ८५० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १५०० मी, ७०० म्हणजे ३०००, ६०० म्हणजे ४२०० आणि ५०० म्हणजे साडेपाच हजार. तुम्हाला ६०० ची लेव्हल लागेल. 'सरफेस' वर ठेवून डोंगरातला वारा बघणं बंद करा, प्लीज. गस्ट म्हणजे झोत वेगळे बघा. माणूस सरासरी वाऱ्याला टेकून चालू शकतो, पाडतो तो झोत.

आणि वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो हेही लक्षात असू द्या. ३० चा ६० झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट.

खिंडीतला
@हवाहवाई, छोटी दुरुस्ती. ४१००-४२०० मीटरवर हवा विरळ, घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच. म्हणजे तिथला ६० चा वारा खालच्या ४९-५० सारखा रेटतो. चौपटीचं गणित बरोबरच, फक्त मूळ आकडा खालच्यापेक्षा लहान.

हवाहवाई
मान्य. पण तेवढ्या भरवशावर कोणी खिंड चढू नये म्हणून लिहिलं नव्हतं :) थंडीला ही सूट नाही. -९ आणि ७० चा वारा म्हणजे विंडचिल -२२ च्या आसपास. म्हणजे उघडा गाल -२२ च्या शांत हवेत जितक्या लवकर गार होईल तितक्या लवकर होतो. बाटलीतलं पाणी मात्र -९ च्या खाली जात नाही, विंडचिल निर्जीव वस्तूंना लागू नाही, हे दरवेळी कोणीतरी विचारतं म्हणून आधीच सांगून टाकतो.

उनाडपोर
६०० वर टाकून बघितलं. बर्फ पडताना वारा ३५-४०, नैर्ऋत्येकडून. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश एकदम मोकळं, शून्य ढग, आणि वारा वायव्येकडून ६५-७०. आम्ही हाच दिवस खिंडीसाठी ठरवला होता कारण आयकॉनवर स्वच्छ सूर्य आहे. चढाई आग्नेय बाजूने.

रानभूल
थांबा थांबा थांबा. हाच तर सगळ्यात वाईट दिवस आहे तुमच्यासाठी!

वायव्येचा वारा म्हणजे आग्नेय उतार आडोशाला. वाऱ्याकडच्या बाजूचा ताजा बर्फ उचलून धारेवरून पलीकडे नेऊन टाकायचं काम तो करणार आणि टाकणार कुठे तर नेमका तुमच्या चढाईच्या उतारावर. सुटा कोरडा बर्फ २५ किमीच्या आसपासच्या वाऱ्यातच हलायला लागतो, इथे ७० आहे. वारा ज्या वेगाने आडोशाला बर्फ साठवतो तो वेग नुसत्या हिमवृष्टीच्या कितीतरी पट असतो, तीन-पाच पट तर सहज. आभाळातून एक कण पडत नसताना उतारावर अर्धा मीटर नवा थर चढू शकतो. तो थर दाबून बसलेला, फळीसारखा सलग असतो, पायाखाली टणक लागतो म्हणून माणसाला उलट बरं वाटतं, आणि तुटतो तेव्हा अख्खा तुटतो.

उताराचा कोन काय आहे हो? ३० ते ४५ अंशांच्या मध्ये असेल तर ॲव्हलांचचा (हिमस्खलनाचा) नेहमीचा पट्टा तोच.

उनाडपोर
नकाशावरून शेवटचे दोनशे मीटर ३४-३५ अंश येतायत :(

पण एक शंका. सीझनची सुरुवातच आहे, खाली बेसच (जुन्या बर्फाचा जाड थर) नाहीये, दगड दिसतायत. एवढ्याशा बर्फात ॲव्हलांच येईल?

रानभूल
हा गैरसमज फार खोल रुजलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक तर आडोशाच्या घळीत "एवढासा" राहत नाही, ते वर आलंच. दुसरं, आधी पडलेला पातळ थर असेल तर तो बेस म्हणून चांगला नसून वाईट असू शकतो. जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास असतो, खालून जमिनीची ऊब मिळत असते. वर निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग खूप गार होतो, समजा -१२. थर ३० सेमीच असेल तर १० सेमीमागे ४ अंशांचा फरक पडला. १० सेमीला १ अंशापेक्षा जास्त फरक असला की आतली वाफ खालून वर सरकायला लागते आणि कणांचं रूप बदलतं, एकमेकांना धरून न राहणारे कोनदार, साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. थर दोन मीटरचा असता तर तोच फरक एवढ्या उंचीत वाटला गेला असता आणि काही बिघडलं नसतं. म्हणजे पातळ बर्फ आणि निरभ्र थंड रात्री, सीझनच्या सुरुवातीला नेमकं हेच असतं. मग त्या दाण्यांवर वाऱ्याने आणलेली फळी येऊन बसते. पुढे काय ते सांगायला नको.

यात उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर जुना बर्फ टिकतो आणि असा सडतो, दक्षिणेकडे उन्हाने वितळून जमीन उघडी पडते. त्यामुळे ऑक्टोबरमधला जुना बर्फ कुठे शिल्लक आहे हे फोटो, सॅटेलाइट इमेज जे मिळेल त्यावर बघून ठेवायचं. फोरकास्टमध्ये ते नसतं. तुमचा आग्नेय उतार त्या बाबतीत कदाचित बरा असेल, पण गवत किंवा घोटीव खडक असेल तर ताजा बर्फ तसाही घसरतो.

तिसरं म्हणजे बऱ्याच भागांत ॲव्हलांच बुलेटिन (धोक्याची रोजची पत्रकं) अजून सुरूच झालेली नसतात. बुलेटिन नाही याचा अर्थ धोका नाही असा लोक आपसूक काढतात.

आणि स्कीवाल्या दोघांना वेगळं सांगा, वाहून नेलं तर भर हिवाळ्यात खाली गादी असते, आत्ता दगड आहेत. छोटासा स्लाइडसुद्धा माणूस मोडून ठेवतो.

सातवाआकाश
+१ रानभूल. प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय.

मी_घरीच
चेष्टा बाजूला ठेवून विचारतो. हे सगळं पाच-सहा दिवसांनंतरचं आहे ना? एवढ्या लांबचं फोरकास्ट खरं तरी ठरतं का? माझ्या मते तीन दिवसांपलीकडचं बघणं म्हणजे टाइमपास.

कडेकपारी
अर्धं बरोबर. सहाव्या दिवशी दुपारी ३ ला किती मिमी, हे टाइमपासच. पण सहाव्या दिवसाच्या आसपास मोठी सिस्टीम येतेय का, ती गेल्यावर वारा कुठून फिरेल, हे बरंच आधी दिसतं.

२०१४ चं हुदहुद आठवा. चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला किनाऱ्यावर आलं, तिथून उत्तरेकडे सरकत गेलं आणि त्याचं उरलेलं बाष्प १४ तारखेला नेपाळात अन्नपूर्णा-धौलागिरी भागात बर्फ होऊन कोसळलं. ट्रेकिंगचा ऐन सीझन, ५४१६ मीटरच्या थोरांग ला खिंडीच्या वाटेवर आणि आसपास ४० हून जास्त माणसं गेली. ऑक्टोबर म्हणजे स्थिर हवा, हे गृहीत. पण बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होण्याचाही हाच काळ आहे, आणि वादळ समुद्रात फिरत होतं हे काही गुपित नव्हतं. वर चालणाऱ्याने बघायला हवं होतं ते खिंडीचं आयकॉन नाही, हजार किमी लांबचा नकाशा. म्हणून लांबचं फोरकास्ट बघायचं, फक्त मिमी मोजायला नाही.

आणि किती विश्वास ठेवायचा हे ठरवायला एन्सेम्बल असतंच. एकच मॉडेल सुरुवातीची परिस्थिती किंचित बदलून पुन्हा पुन्हा चालवतात, ईसीएमडब्ल्यूएफ ५१ वेळा, जीएफएसवालं ३१ वेळा. सगळ्या रेषा एकत्र चालल्या तर विश्वास ठेवा, फाटल्या तर नाही. पण तिथेही सरासरीची रेषा बघू नका, अर्ध्या रेषा शून्यावर आणि अर्ध्या ४० सेमीवर असतील तर सरासरी २० येते आणि २० सेमी तर एकाही रेषेचं म्हणणं नसतं!

मी_घरीच
हे पटलं.

हवाहवाई
अवांतर: हल्ली एआयवाली मॉडेल्सही आलीयत, ईसीएमडब्ल्यूएफने त्यांचं एआयएफएस फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या वापरात आणलं. मोठ्या सिस्टीमची वाट सांगण्यात ती जोरदार आहेत. पण त्याची चौकट २८ किमीच्या आसपास आहे, तेव्हा खिंडीतला झोत त्याला विचारू नका.

मुद्द्यावर येतो. @उनाडपोर, दर सहा तासांनी मॉडेलचा नवा रन (नवं गणित) येतो म्हणून दर सहा तासांनी प्लॅन बदलत बसू नका, वेड लागेल. सलग तीन-चार रन एकच गोष्ट सांगतायत का ते बघा. आणि रनची वेळ यूटीसीमध्ये (ग्रीनिचच्या जागतिक वेळेत) असते, स्थानिक वेळेत बदलून वाचा, लोक "सकाळी वारा कमी" म्हणून निघतात आणि ती यूटीसीची सकाळ निघते.

उनाडपोर
काल-आजचे रन लावून बघितले. हिमवृष्टीची वेळ पुढेमागे होतेय, मिमी १५ ते ३० मध्ये हेलकावे खातंय, पण नंतरचा वायव्येचा वारा प्रत्येक रनमध्ये आहे. ६० च्या खाली एकदाही नाही आला.

ग्रुपशी बोललो. खिंड दोन दिवस पुढे ढकलतोय. वारा तिसऱ्या दिवशी ३० वर येतोय. तेवढं पुरे का?

रानभूल
वारा पडला म्हणजे थर लगेच बसला असं नाही. ताजी फळी बऱ्याचदा एक-दोन दिवसांत जरा सावरते, पण खाली ते साखरदाणे असतील तर आठवडे लागतात. ते वर जाऊनच कळणार, खणून बघावं लागेल. वाटेत ताजी घसरलेली जागा दिसली, पाय टाकल्यावर धप्प असा दबका आवाज आला किंवा पायाजवळून भेग पळाली तर चर्चा न करता मागे फिरा. परत फिरायची जागा आणि वेळ आत्ताच खाली बसून ठरवा, वर गेल्यावर पाच जणांची पाच मतं होतात. आणि बीकन (गाडलेल्याला शोधायचा ट्रान्समीटर), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं, फक्त स्कीवाल्यांकडे नाही.

खिंडीतला
धारेवरून झेंड्यासारखा पांढरा धूर उडताना दिसला तर वाऱ्याने बर्फाची वाहतूक चालू आहे असं समजा, फोरकास्ट ३० म्हणो की १०. भिंगासारखे गुळगुळीत ढग शिखरावर एका जागी थांबलेले दिसले तरी वर वारा जोरात आहे. @मी_घरीच, हे घ्या तुमचं आभाळाकडे बघणं.

सातवाआकाश
वर रेंज नसेल ना? मग शेवटच्या दोन दिवसांचं अपडेट कसं घेणार? सॅटेलाइटवरून हवामान मागवता येतं असं ऐकलंय.

उनाडपोर
हो, एकाकडे ते डिव्हाइस आहे. पण ते जिथे उभे आहोत तिथलंच देतं बहुतेक.

हवाहवाई
बऱ्याच डिव्हाइसवर दुसऱ्या पॉइंटचंही मागवता येतं. खिंडीचा पॉइंट निघण्याआधीच सेव्ह करून ठेवा. नाहीतर ३३०० वरच्या कॅम्पचं फोरकास्ट येईल, त्यात वारा १५ दिसेल, आणि परत तेच भांडण, फक्त यावेळी तंबूत. आणि खाली कोणीतरी नकाशे वाचू शकणारा माणूस बसवा जो संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज टाकेल: ६०० ची दिशा, वेग, फ्रीझिंग लेव्हल, मिमी. सेमी नको.

मी_घरीच
मी घरीच असतो. तारखा कळवा, मेसेज मी टाकतो.

उनाडपोर
डन! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पॉइंटचे अक्षांश-रेखांश आणि उंची दोन्ही पाठवतो.